निजामाच्या नोटा, तांब्याचं हेल्मेट आणि वर पंप मारणारी माणसं

निजाम सरकारच्या नोटा फ्रान्सजवळच्या समुद्राच्या तळाला दहाएक वर्षं पडून होत्या आणि नंतर वर काढल्या गेल्या, हे आपल्याकडं किती जणांना माहीत असेल? मला तरी आत्ता आत्तापर्यंत माहीत नव्हतं. हाली सिक्का, म्हणजे निजामाच्या राज्याचं चलन, म्हणलं की आमच्या घरात अजूनही आज्जीचा विषय निघतो, पण त्याच हाली रुपयांच्या नोटा लंडनला छापल्या जायच्या, वॉटरलो अँड सन्स नावाची कंपनी छापायची आणि त्यावर उर्दू, तेलुगू, कानडीबरोबर आपली मराठी पण असायची. त्यातलाच एक लॉट १९२२ च्या मे महिन्यात 'इजिप्त' नावाच्या जहाजात बसून मुंबईला यायला निघाला होता.

२० मे ला फ्रान्सच्या टोकाला उशांत बेटाजवळ दाट धुकं होतं, त्या धुक्यात 'सीन' नावाचं फ्रेंच मालवाहू जहाज येऊन इजिप्तवर आदळलं आणि वीसेक मिनिटांत सगळं जहाज खाली. ऐंशीच्या वर माणसं गेली. आत सोनं-चांदी होती दहा लाख पौंडांच्या वरची, आणि आपल्या निजामाच्या नोटा. खोली १२० मीटरच्या पुढं. त्या काळात तांब्याचं हेल्मेट आणि रबरी सूट घालून माणूस तिथं जाऊन काम करेल हे शक्यच नव्हतं.

मग इटलीतली माणसं आली. 'आर्तिलियो' नावाचं त्यांचं बोट, आणि आल्बर्टो जान्नी हा त्यांचा मुख्य पाणबुड्या. त्यांनी काय केलं तर जाड पोलादाचं एक उभं पिंप घेतलं, त्याला काचेच्या खिडक्या, आत एक माणूस बसायचा आणि त्याच्याजवळ टेलिफोन. तो खाली काहीच करायचा नाही, नुसतं बघायचा आणि फोनवर वरच्या क्रेनवाल्याला सांगायचा, थोडं डावीकडं, अजून खाली, आता धर. वरच्याला काही दिसत नाही, खालच्याचा हात कशाला लागत नाही, आणि तरी दोघं मिळून १२० मीटर खाली जहाजाचे पत्रे उचकटायलेत. १९३० मध्ये त्यांना जहाज सापडलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फ्रान्सच्याच किनाऱ्याला दुसरीकडं पडलेलं दारूगोळ्याचं एक जुनं जहाज सुरुंगानं उडवताना भयंकर स्फोट झाला, आर्तिलियो बुडालं, जान्नी आणि त्याचे जुने साथीदार तिथंच गेले. उरलेल्यांनी दुसरं बोट घेतलं, त्याला नाव तेच ठेवलं, आणि परत इजिप्तच्या जागेवर आले. क्रेनचा पंजा खालून काय काय आणायचा, त्यातच एकदा निजामाच्या नोटा आल्या. सोनं हाताला लागलं ते जून १९३२ मध्ये.

मला या सगळ्यात सोन्यापेक्षा तो टेलिफोन जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण मी जितकं या जुन्या पाणबुड्यांबद्दल वाचायलोय तितकं मला एकच दिसायलंय, की खाली उतरणाऱ्याचं नाव होतं, हेल्मेटचा फोटो येतो, म्युझियममध्ये ते ठेवतात, पण त्याचा जीव सगळा वरच्या माणसाच्या हातात असायचा, जो पंप मारतोय आणि दोरी धरून उभा आहे त्याच्या. वरचा चांगला तर खालचा जगला. वरच्याला घाई, लोभ किंवा अज्ञान, तर खालचा गेला, नाहीतर लंगडा झाला.

आपल्या मराठवाड्यात समुद्र नाही पण विहीर आहे, त्यामुळं हे समजायला अवघड नाही. उन्हाळ्यात गाळ काढायला माणूस खाली सोडतात तेव्हा यारीवर कोण बसलाय हे उतरणारा पहिलं बघतो. जुनी माणसं पहिले कंदील खाली सोडायची, तो विझला तर कुणी उतरायचं नाही. तरीसुद्धा पेपरात बातमी येतेच, एक जण उतरला, बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, तो पण गेला. खालची हवा खराब आणि वरून चांगली हवा द्यायची काही सोय नाही, एवढंच कारण.

आणि गंमत बघा, डायव्हिंग हेल्मेटची सुरुवात याच प्रश्नापासून झालीय. इंग्लंडमध्ये चार्ल्स डीन आणि जॉन डीन हे दोघं भाऊ. चार्ल्सनं १८२३ मध्ये पेटंट घेतलं ते पाण्यासाठी नव्हतंच, धुरानं भरलेल्या जागेत माणसाला जाता यावं म्हणून तांब्याचं हेल्मेट, त्याला नळी, आणि बाहेरून भात्यानं हवा. नंतर त्यांच्या डोक्यात आलं की हेच पाण्यात का चालणार नाही. ऑगस्टस सिबे म्हणून मूळचा जर्मन कारागीर लंडनला होता, त्याच्याकडून त्यांनी पाण्यातली हेल्मेटं बनवून घेतली.

त्याच्याआधी प्रयत्न झाले नव्हते असं नाही. १७१५ च्या सुमारास जॉन लेथब्रिज नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्यानं लाकडी पिंपच बनवलं होतं, सहाएक फूट लांब, लोखंडी कड्या मारलेलं, तो त्यात पालथा झोपायचा, दोन हात चामड्याच्या बाह्यांतून बाहेर, तोंडासमोर एक काच. आत जेवढी हवा तेवढ्यावर अर्धा तास. वरून हवेची नळी नाही काही नाही. हा माणूस त्यात बसून बुडालेल्या जहाजांतली चांदी काढायचा आणि हे बरीच वर्षं केलं त्यानं! हातांवर पाण्याचा पूर्ण दाब आणि बाकी अंग पिंपात, काय होत असेल विचार करा.

डीन बंधूंच्या हेल्मेटला एक मोठी खोट होती. हेल्मेट आणि खालचं जॅकेट हे खालून उघडं, जादाची हवा कमरेकडून बाहेर जायची. माणूस सरळ उभा असेपर्यंत ठीक, वाकला किंवा पाय घसरून पडला की पाणी आत. तरी तसल्या हेल्मेटवर त्यांनी पोर्ट्समथजवळ 'रॉयल जॉर्ज' या जहाजाच्या तोफा काढल्या (हे जहाज १७८२ मध्ये नांगरलेलं असतानाच कलंडून बुडालं होतं, ८०० च्या वर माणसं घेऊन) आणि १८३६ मध्ये तिथल्या कोळ्यांची जाळी एका ठिकाणी सारखी अडकायली म्हणून बघायला उतरले तर खाली 'मेरी रोझ', १५४५ ला बुडालेलं इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचं जहाज.

मग सिबेनं सूट पूर्ण बंद केला. हेल्मेट थेट सूटला जोडलं, हवा बाहेर जायला वेगळा व्हॉल्व्ह. कर्नल पास्ली यांच्या हाताखालच्या सैनिकांनी १८३९ पासून पुढं चार-पाच वर्षं रॉयल जॉर्जचं उरलेलं काम केलं त्यात हा बंद सूट टिकला आणि पुढची शंभर वर्षं जगभर थोड्याफार फरकानं तोच चालला.

आता तो सूट घालतात कसा हे सांगतो, कारण मला हे वाचायला सगळ्यात भारी वाटलं. पहिले आत लोकरीचे जाड कपडे, दोन-दोन जोड, डोक्यावर लोकरीची टोपी. मग सूट, म्हणजे दोन थर जाड कापड आणि मधे रबराचा थर, गळ्याकडून आत शिरायचं. मनगटाचं रबर इतकं घट्ट की साबण लावल्याशिवाय हात बाहेर येत नाही. हे स्वतःचं स्वतः घालता येतच नाही, दोन माणसं लागतात. मग खांद्यावर तांब्याची कॉलर, तिच्यावर सूटचं रबर बसवून पितळी पट्ट्या आणि नट पान्यानं आवळायचे, एकसारखे, कारण एक ढिला राहिला तरी पाणी येणार. पायात शिशाचे तळवे असलेले बूट, एकेक साधारण ८ किलोचा. छातीवर आणि पाठीवर शिशाची वजनं, प्रत्येकी १८ किलोच्या आसपास. सगळं मिळून ८० किलोच्या वर जातं. जमिनीवर त्या माणसाला धड चालता येत नाही, स्टुलावर बसवून शिडीपर्यंत धरून न्यावं लागतं. मग हेल्मेट, ते ठेवून अष्टमांश फिरवलं की बसतं. आणि पंप सुरू झाला, हवा येतीय हे बघितलं, की मगच सगळ्यात शेवटी तोंडासमोरची काच बंद करायची. काच बंद झाली की त्या माणसाला बाहेरचं काही ऐकू येत नाही, नुसता पंपाचा ठोका ऐकू येतो, आणि प्रत्येक ठोक्यामागं वर कुणीतरी चाक फिरवायलंय. हेल्मेटवर हातानं थाप मारली की समजायचं, उतर.

खाली गेल्यावर बोलायचं दोरीनं. अमेरिकन नेव्हीच्या पद्धतीत वरून एक झटका म्हणजे ठीक आहेस का, खालच्यानं एक झटका परत दिला तर ठीक आहे. चार झटके म्हणजे वर ये. दोरीवाल्यानं दुसरं काही काम करायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, दोरी ना ढिली ना ताणलेली, हातात तिचा जीव कळला पाहिजे. काचेवर वाफ धरली तर हेल्मेटच्या छोट्या तोटीतून समुद्राचं पाणी तोंडात घ्यायचं आणि काचेवर फवारायचं. सूटमध्ये हवा जास्त झाली तर माणूस फुगून उलटा वर उसळतो. हवा कमी झाली तर पाणी चहूबाजूंनी सूट अंगावर दाबतं. आणि नळी वरच्या बाजूला फुटली आणि हेल्मेटला हवा परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह नसला, तर खालचा सगळा दाब त्या माणसाला हेल्मेटच्या दिशेनं चेपतो. याच्यावर जास्त लिहीत नाही. त्या व्हॉल्व्हसाठी माणसं गेलीत एवढंच.

अलेक्झांडर लॅम्बर्टची गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. इंग्लंड आणि वेल्सच्या मधे सेव्हर्न नदीच्या खालून रेल्वेचा बोगदा खोदायलेले, १८७९ मध्ये एक मोठा झरा फुटला आणि सगळा बोगदा पाण्यानं भरला. पळताना मजुरांनी आतला एक लोखंडी दरवाजा उघडाच सोडला. तो बंद केल्याशिवाय पंपांनी पाणी हटेना. दरवाजा उभ्या विहिरीच्या तळापासून आडव्या बोगद्यात हजार फूट आत. लॅम्बर्ट पहिल्यांदा साधा सूट घालून गेला, त्याची नळी ओढायला मागं अजून दोघं डायव्हर, अंधार, खाली उलटलेल्या ढकलगाड्या, दगड, आणि वरच्या बाजूला नळी छताला चिकटायली. दरवाजा थोडक्यात राहिला आणि नळी पुढं सरकेना, परत फिरावं लागलं. मग हेन्री फ्ल्यूस म्हणून एकानं नळी न लागणारं उपकरण बनवलं होतं, पाठीवर ऑक्सिजन घ्यायचा आणि सोडलेला श्वास रसायनातून शुद्ध करून परत घ्यायचा. १८८० च्या नोव्हेंबरमध्ये लॅम्बर्ट ते घालून गेला. म्हणजे या वेळी पंप नाही, दोरी नाही, मागं कुणी नाही. एकटा. दुसऱ्या फेरीत दरवाजा लावून आला आणि सांगितल्याप्रमाणे एका व्हॉल्व्हचं चाक पण आवळून आला. नंतर पाणी हटल्यावर कळलं की त्या चाकाचे आटे उलटे होते, आवळलं म्हणजे उघडलं! त्यानं सांगितलं तसंच केलं होतं. चूक वर बसून सांगणाऱ्यांची.

आणि आता ग्रीसची बेटं. सिमी, कालिम्नोस. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या हातात सपाट दगड धरून, श्वास रोखून समुद्राच्या तळाचे स्पंज काढायचे. १८६० च्या दशकात हा सूट तिथं पोचला. मिनिटा-दोन मिनिटांच्या जागी माणूस तास-तासभर खाली राहायला लागला, जास्त खोल जायला लागला, पैसा आला, आणि पोरं मरायला लागली. खाली नाही मरायची, वर आल्यावर मरायची. बोटीवर येऊन हेल्मेट काढलं, बोलायला लागला, थोड्या वेळात सांधे दुखायला लागले, कमरेखालचं अंग गेलं. काही तिथंच संपले. बोटीच्या मालकांनी हंगामाआधी डायव्हरला उचल दिलेली असायची, ती फिटेपर्यंत उतरत राहायचं. उसतोडीची उचल ज्यांनी बघितलीय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको, बीडकडच्या माणसाला तर नकोच.

कालिम्नोसमध्ये एक नाच आहे, मिहानिकोस म्हणतात. रांगेत हात धरून सगळे नाचायलेत आणि पुढचा जो आहे तो हातात काठी घेऊन थरथरायलाय, पाय टाकायला जातोय, पाय येत नाही. तो दाबानं लुळा झालेला पाणबुड्या. मी याचे व्हिडिओ बघितले. पोरगा विशीतला असतो, धडधाकट, आणि तो पाय ज्या पद्धतीनं ओढतो ते बघवत नाही.

१९०० मध्ये सिमीचेच स्पंजवाले वादळामुळं अँटिकिथेरा बेटाजवळ थांबले, एलियास स्टाडियाटिस नावाचा डायव्हर ४५ मीटरच्या आसपास खाली गेला आणि घाबरून वर आला, म्हणला खाली माणसांची, घोड्यांची मढी पडलीत. ते प्राचीन जहाजातले पुतळे होते. दात्यांची चाकं असलेलं ते प्रसिद्ध खगोलयंत्र याच जहाजातलं, अथेन्सच्या म्युझियममध्ये आहे, जगभरातून लोक बघायला जातात. त्या कामात एक डायव्हर मेला आणि दोघं लुळे झाले.

मला राग कशाचा येतो सांगू का, तोपर्यंत कारण माहीत झालेलं होतं. पॉल बर्ट या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७८ मध्येच लिहून ठेवलं होतं. दर दहा मीटरला दाब वरच्या हवेच्या दाबाइतका वाढत जातो, ४० मीटरवर तो वरच्यापेक्षा पाचपट. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात, चरबीत मुरत जातो. हळू वर आलं तर तो फुफ्फुसातून हळूहळू निघून जातो, भसकन वर ओढलं तर अंगातच त्याचे बुडबुडे होतात आणि मग सांधे, मणका, मेंदू, जिथं अडकला तिथं. पण हळू म्हणजे किती हळू, कुठं थांबायचं, किती थांबायचं हे आकड्यात मांडून बोटीवरच्या माणसाच्या हातात कुणी दिलं नव्हतं. पुस्तक पॅरिसला आणि दोरी ओढणारा एजियन समुद्रात.

ते काम जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानं केलं. ब्रिटिश नेव्हीसाठी. पहिले त्यांनी पंपच तपासले, तर जुने पंप गळायचे, खोल पाण्यात डायव्हरला पुरेशी हवाच जात नव्हती, आपलाच सोडलेला श्वास परत घेऊन ते धापा टाकायचे आणि वरचे म्हणायचे याच्यात दम नाही. मग पोलादी खोलीत शेळ्या ठेवून प्रयोग केले. दाब वाढवायचा, वेगवेगळ्या वेगानं कमी करायचा, आणि कुठली शेळी पाय उचलून धरते ते बघायचं. ज्याच्या घरी शेळ्या आहेत त्याला माहीत आहे की पाय दुखला की शेळी लगेच दाखवते. त्यातून त्यांना दिसलं की एकूण दाब निम्मा होईपर्यंत लवकर वर आलं तरी चालतं, पुढं मात्र टप्प्याटप्प्यानं थांबत यायचं. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या लॉख स्ट्रिव्हन नावाच्या खाडीत लेफ्टनंट डॅमंट आणि कॅटो हे दोघं याच पद्धतीनं २१० फुटांपर्यंत जाऊन धडधाकट वर आले आणि १९०८ मध्ये तक्ते छापले गेले. आज स्कुबावाला मनगटावरच्या कॉम्प्युटरवर जे बघतो त्याचं मूळ ते.

त्याच वर्षांत इंग्लंडमधल्या विंचेस्टरला विल्यम वॉकर नावाचा डायव्हर होता. तिथलं जुनं कॅथेड्रल खचायलेलं, पाया दलदलीत, खड्डा घेतला की पाणी भरायचं, पाणी उपसलं तर भिंतीच खचायची भीती. मग १९०६ ते १९११ हा माणूस रोज पाचसहा तास त्या गढूळ पाण्यात, वीस फुटांपर्यंत, पूर्ण अंधारात, नुसत्या हातानं चाचपून चिखल काढायचा आणि सिमेंट काँक्रीटच्या गोण्या रचायचा. हजारो गोण्या. मधल्या सुट्टीत सूट काढायला वेळ जातो म्हणून फक्त हेल्मेट काढून पाइप ओढायचा. शनिवारी-रविवारी घरी जायला सायकल, लंडनच्या बाजूला. त्याचा पुतळा पुढं कॅथेड्रलमध्ये बसवला, तर फोटो बघताना गोंधळ झाला आणि पुतळ्याला चेहरा आला तिथल्या इंजिनिअरचा, सर फ्रान्सिस फॉक्स यांचा. २००१ मध्ये नवीन पुतळा करून ते दुरुस्त झालं. वॉकर बिचारा १९१८ च्या साथीच्या फ्लूत गेला होता. आणि त्याच्यासाठी इतकी वर्षं पंप मारणाऱ्यांची नावं मला कुठं सापडली नाहीत.

डॅमंटचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. १९१७ मध्ये 'लॉरेंटिक' जहाज आयर्लंडच्या उत्तरेला सुरुंगावर आपटून बुडालं, ४० मीटरच्या आसपास, आत सोन्याच्या ३,२११ विटा. काढायचं काम डॅमंटकडं आलं. थंडगार पाणी, लाटा, जहाज दबून दबून चपटं व्हायलेलं, डायव्हर पत्र्यांच्या खालून सरपटत जाऊन नखांनी वाळू उकरायचे. युद्धामुळं मधे खंड पडला, पण १९२४ पर्यंत त्यांनी ३,१८६ विटा काढल्या. पाच हजारांच्या वर बुड्या झाल्या आणि एकही डायव्हर गेला नाही. वरून सरकारचा तगादा होता, लढाईचा खर्च होता, सोनं पाहिजे होतं, पण डॅमंटनं वर येतानाचे थांबे कमी केले नाहीत. थंड पाण्यात दोरीला लटकून थांबायला कसं वाटतं आणि ते का थांबायचं, हे त्याला लॉख स्ट्रिव्हनपासून स्वतःच्या अंगानं माहीत होतं.